एका बाहुलीची दोन डोकी

रुखवतातल्या नवरीचा चेहरा रंगवायला मला साधारण दोन तास लागायचे. आधी भुवया, मग वरच्या पापणीची रेघ, मग बुबुळ, मग ओठ, आणि सगळ्यात शेवटी बुबुळात एक पांढरा टिपका. त्या टिपक्याला आमच्या कामाच्या जागी 'जाग' म्हणतात. "सहा जणींना जाग घालायची राहिली आहे, त्या घातल्याशिवाय घरी जायचं नाही," असं बाई म्हणायच्या. टिपका नसला तर बाहुली कितीही सुंदर केली तरी झोपेत डोळे उघडे ठेवल्यासारखी दिसते. तो घातला की खोलीत कुणीतरी आल्यासारखं होतं.

बाई म्हणजे मी ज्यांच्याकडे काम करते त्या. कसबा पेठेत एका इमारतीच्या तळमजल्यावर त्यांच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक, मागच्या खोलीत काम. लग्नात मुलीकडचे जे रुखवत मांडतात त्यातल्या बाहुल्या आम्ही करतो. नवरा-नवरी, सप्तपदी, मंगलाष्टकं म्हणणारे भटजी, सनई-चौघडा. आत तारेचा सांगाडा, त्यावर कापूस आणि कापड, आणि वर कागदाच्या लगद्याचं, साच्यातून काढलेलं डोकं. डोकं वाळलं की काचकागदाने घासायचं, त्याला अंगाचा रंग द्यायचा, आणि मग ते माझ्या टेबलावर यायचं.

मी चौथी पास आहे. वडिलांनी शाळेतून काढलं तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं, हे खरं ते लिहिते. शाळेत फळ्यापाशी उभं राहून बोलावं लागायचं, ते सुटलं. मला अनोळखी माणसाकडे बघून बोलता येत नाही. चेहऱ्यांपेक्षा लोकांच्या चपला मी जास्त ओळखते. बाईंकडे सोळा वर्षं टिकले, कारण बोलायचं काम त्यांच्याकडे आणि गप्प बसायचं माझ्याकडे, अशी पहिल्या दिवसापासून वाटणी झालेली होती. दोघींपैकी कुणाचीच कधी तक्रार नव्हती.

मग पोती आली.

बाहेरच्या देशातला माल बाजारात मिळायला लागून बरीच वर्षं झाली होती, पण आमच्यापर्यंत तो हळूहळू पोचला. आधी मणी आले, मग सोनेरी लेस आली, आणि एका उन्हाळ्यात बाई रविवार पेठेतल्या घाऊक दुकानातून प्लास्टिकची तयार डोकी घेऊन आल्या. बटाट्याच्या पोत्यासारखं पोतं होतं. तोंड सोडलं तर आत डोकीच डोकी, सगळ्यांचे डोळे उघडे, सगळ्यांचे ओठ लाल. डोळे रंगवलेले नव्हते, छापलेले होते. बाईंनी एक डोकं तारेवर बसवून बघितलं, पदर दिला, आणि नवरी तयार झाली. चहा उकळायलाही त्याहून जास्त वेळ लागतो.

"अगं, तुझे दोन तास वाचले," त्या मला म्हणाल्या.

ते वाचलेले दोन तास कुठे ठेवायचे ते मला कळेना. बाईंनी ते साड्यांवर ठेवले. मी बाहुल्यांना साड्या चिकटवायला लागले. माझे ब्रश एका स्टीलच्या पेल्यात उभे करून खिडकीत ठेवले होते. आठवड्याभरात बाईंनी त्याच पेल्यात कात्री ठेवायला सुरुवात केली.

पोत्यातल्या डोक्यांची गंमतही व्हायची. छपाई सरकलेली असली की एक डोळा कानाजवळ जायचा. बाई ते डोकं उजेडात धरून म्हणायच्या, "ही कुठे बघतेय, माहेरी?" अशी डोकी वाया जाऊ नयेत म्हणून त्या त्यांना फेटे बांधून सनईवाले करायच्या. गाल फुगवलेल्या माणसाचे डोळे इकडेतिकडे गेले तर शोभून दिसतं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरंही होतं. त्या वर्षी पुण्यातल्या बऱ्याच लग्नांत आमचे सनईवाले तिरळे होते.

त्याच सुमारास एका रविवारी एक मुलगी तिच्या आईबरोबर आली. मोठ्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, रुखवताची ऑर्डर द्यायची होती. मी मागच्या खोलीत दाराजवळ बसले होते, त्यामुळे मला आधी तिचे बूट दिसले. पांढरे, नाडीचे, मुलगे घालतात तसे. ती वाघोलीला एकटी फ्लॅटमध्ये राहायची आणि कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी करायची. हे तिच्या आईने पहिल्या दोन मिनिटांत सांगितलं. एकटी राहते हे सांगताना आवाज खाली गेला आणि कंपनीचं सांगताना वर आला.

बाईंनी त्यांना दोन्ही प्रकार दाखवले. फळीवर माझ्या हातच्या चार नवऱ्या उरल्या होत्या, शेजारी पोत्यातल्या. आईने पोत्यातल्या निवडल्या. "सगळ्या सारख्या दिसतात, मांडल्यावर छान वाटेल," असं त्या म्हणाल्या. मुलीने मात्र माझी एक नवरी उचलली आणि दारातल्या उजेडात नेऊन उलटसुलट करून बघितली.

"ही कुणी रंगवली?"

बाईंनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. मी गोंदाच्या बाटलीचं झाकण लावायला घेतलं. ते आधीच लागलेलं होतं.

ती पांढरे बूट बाहेर काढून सरळ मागच्या खोलीत आली, माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली आणि मोबाइल पुढे केला. त्यात एका बाहुलीचा फोटो होता. हात कोपरात वळलेला, बोटं सुटी, गुडघे वाकवून खुर्चीवर बसलेली. असली बाहुली मी कधी पाहिली नव्हती.

"काकू, ही बाहेरून मागवायची असते. ही खेळायची नाही, जमवायची असते. लहान कंपनी आहे, थोड्याच करतात. आता यात दोन प्रकार आहेत. एक म्हणजे कंपनीच चेहरा रंगवून देते, फोटोत आहे तसाच्या तसा. दुसरा म्हणजे कोरं डोकं मागवायचं आणि आपल्याला हवा तसा चेहरा कुणाकडून तरी रंगवून घ्यायचा. तीन आठवडे मी त्या एका चौकोनावर अडकलेय. कुठे टिक करू तेच ठरत नाही."

बाई दारात उभ्या होत्या. "म्हणजे चेहरा नसलेली बाहुली विकत घ्यायची? ती आमच्याकडे रोज असायची. पोतं यायच्या आधी यायचं होतं."

मुलगी हसली, पण माझ्याकडेच बघत राहिली. "काकू, तुम्ही कराल?"

मला 'हो' म्हणायचं होतं. घशापर्यंत आलं होतं. पण मी बाटलीकडे बघत बसले आणि ते तिथेच राहिलं. आमच्याकडे कुणी गप्प बसलं तर त्याचा अर्थ 'नाही' असा घेतात. तिने 'हो' असा घेतला. "मग ठरलं," असं म्हणून उठली, आणि आईबरोबर गेलीसुद्धा.

दीड-दोन महिन्यांनी ती एक खोकं घेऊन आली. तिने दोन्ही केलं होतं. बाहुली कंपनीच्या चेहऱ्याची मागवली आणि वर एक कोरं डोकं जादा मागवलं. डोकं चुंबकाने बसायचं, काढता-घालता यायचं. मोठ्या लिंबाएवढं, नाक-ओठ कोरलेले, डोळ्यांच्या जागी नुसते हलके उंचवटे. हातात घेतलं तर चांगलंच जड.

"दोन्ही समोर ठेवून बघीन आणि एक बसवीन," ती म्हणाली. "दुसरं आमच्या ग्रुपमध्ये कुणीतरी घेईल. आम्ही इंटरनेटवर भेटतो ना, सगळ्या बाहुल्या जमवणाऱ्या." रंगाच्या आधी आणि नंतर फवारायचं वार्निशही तिने आणलं होतं. चुकलंच तर काय, म्हणून स्पिरिटची एक बाटलीही होती.

बाहुलीसकट खोकं ठेवून ती गेल्यावर बाईंनी कात्री पेल्यातून काढली आणि ब्रश माझ्यासमोर ठेवले.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "हिने तुझं डोकं बसवलं, तर आपल्या नवरीचे चेहरे परत तुझ्याकडे. मग ज्यांना हातचं हवं त्यांना मी हातचं दाखवीन. हिच्यासारख्या जाणकार मुलीने कंपनीचं पसंत केलं, तर माझं पोतंच बरोबर. मग साड्या चिकटव आणि कुरकुर करू नकोस."

मी कधीच कुरकुर केली नव्हती. पण सोळा वर्षांत बाई माझं गप्प बसणं वाचायला शिकल्या होत्या.

आधी मी कंपनीचा चेहरा नीट बघायला घेतला. बाईंचं सुईत दोरा ओवायचं भिंग होतं, ते लावून. काम इतकं सुबक होतं की मला धडकी भरली. गालावरची लाली कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते दिसत नव्हतं. पापण्यांचा केसन् केस वेगळा. दोन्ही डोळे तराजूत तोलल्यासारखे. हे यंत्राने केलं असणार, माणसाचा हात एवढा स्थिर राहत नाही, असं मी धरून चालले होते. मग डावी भुवई संपते तिथे मला एक केस सापडला. बाकीच्यांपेक्षा किंचित लांब, टोकाला वर वळलेला. ब्रश उचलताना मनगट वळलं की तसा होतो. माझ्याही नवऱ्यांच्या डाव्या भुवईत तो असतो. कुणाला दिसत नाही, मला दिसतो.

पुढच्या रविवारी मुलगी किती झालं ते बघायला आली, तेव्हा मी तिला भिंगातून तो केस दाखवला. बोलले नाही, नुसतं बोट ठेवलं.

"हो काकू, तिथेही हातानेच करतात," ती म्हणाली. "थांबा, त्यांच्या साइटवर फोटो आहे."

फोटोत एका लांब टेबलाशी सात-आठ बायका रांगेत बसल्या होत्या. तोंडावर मास्क, माना खाली, प्रत्येकीच्या हातात एक डोकं. सगळी डोकी सारखी. मी बराच वेळ बघितलं. मला वाटत होतं कंपनी एकीकडे आणि मी दुसरीकडे. पण एकाच नवरीचा चेहरा सोळा वर्षं रंगवणारी मी, म्हणजे मीही त्या रांगेतलीच झाले की. फरक एवढाच की त्या प्रत्येकीच्या पाठीशी एक उशी होती. मला तीही नव्हती.

बाईंनीही फोटोत डोकावलं. "बघ, कुणी बोलत नाहीये. तू तिथे शोभली असतीस."

दोन सकाळी लावून मी चेहरा केला. सकाळी नऊ ते अकरा आमच्या खिडकीत चांगला उजेड असतो, ऊन थेट येत नाही. ब्रश पुष्कळ दिवसांनी धरला होता, पहिल्या दहा मिनिटांत बोटं ओळख विसरल्यासारखी वागली, मग आठवलं त्यांना. भुवया बारीक, ओठ लहान, गालावर कंपनीपेक्षा थोडी कमी लाली. शेवटी जाग घातली आणि डोकं हातभर लांब धरलं. मनापासून आवडलं मला. वरचं वार्निश मात्र फवारलं नाही. आधी तिने बघू दे म्हटलं.

मुलगी आली. तिने डोकं हातात घेतलं, दारात नेलं, परत आणलं. बाहुलीवर बसवलं, काढलं.

"छान आहे," ती म्हणाली.

'छान आहे' किती प्रकारचं असतं ते पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. मी वाट बघत राहिले.

"काकू, रागावू नका हं. ही कुणाला घाबरलीये?"

"सासूला," बाई मागून म्हणाल्या.

त्या दोघी हसल्या. मी डोक्याकडे बघितलं आणि मला एकदम दिसलं. पापण्या खाली झुकलेल्या, बुबुळं खालच्या कडेला टेकलेली. ही जमिनीकडे बघत होती. मी तिच्यासाठी बाहुली करायला बसले आणि सवयीने आमची नवरी करून ठेवली. अंतरपाटामागे उभी राहिलेली, पायाच्या अंगठ्याकडे बघणारी. सोळा वर्षांत माझ्या हातून एकही डोळा वर बघणारा निघाला नव्हता. रुखवतात तेच हवं असतं, म्हणून कुणी कधी काही बोललं नाही. आमच्या घरातल्या बुद्धाच्या मूर्तीच्या पापण्याही तशाच मिटत आलेल्या आहेत. चांगले डोळे म्हणजे असेच, हे मी कधी ठरवलं नव्हतं, ते आपोआप ठरलं होतं.

"कंपनीची सरळ बघते," मुलगी सांगत होती, "पण ती माझ्या मागे भिंतीकडे बघते, पासपोर्टच्या फोटोत बघतात तसं. तिचं बरोबर आहे, तिला कुणाच्याही घरी जायचं असतं. मला वाटलं होतं, कस्टम केली तर ती माझ्याकडे बघेल. दिवसभर मी स्क्रीनकडे बघते. घरी गेल्यावर निदान हिने..." ती थांबली. "राहू दे काकू. तुम्ही खूप मेहनत घेतलीत. मी कंपनीचंच बसवते."

तिने माझं डोकं मऊ कागदात गुंडाळायला घेतलं. बाईंनी साडीचं कापड कापायला कात्री उचलली होती. पेला पुन्हा त्या कात्रीचा होणार, एवढंच मला त्या क्षणी समजलं.

"पुसता येतं," मी म्हणाले.

दोघींनी माझ्याकडे बघितलं. बाईंची कात्री उघडी राहिली होती.

"स्पिरिट आहे. पुढच्या रविवारी या."

एवढं बोलून मला घाम आला. मुलीने कागद परत उलगडला, डोकं टेबलावर ठेवलं आणि काहीही न विचारता गेली. तिचं ते गप्प राहणं मला फार आवडलं.

पुसायला दोन मिनिटं लागली. कापसाचा एक बोळा डोळ्यांना, एक ओठांना. वाईट वाटेल म्हणून मी तयारीत होते, तसं काही झालं नाही. तशी नवरी मी डोळे मिटून पुन्हा करू शकत होते, खरं म्हणजे तीच अडचण होती.

आता सरळ बघणारे डोळे करायचे, तर ते आधी बघायला हवेत. मी घरी आरशापुढे बसले. आरशातल्या बाईकडे बघितलं की ती खाली बघायची. तीन दिवस प्रयत्न केला. चौथ्या दिवशी यांना बोलावलं. आमचे हे गॅरेजमध्ये मेकॅनिक आहेत, आमच्या घरातलं माझ्या वाटचंही बोलणं तेच बोलतात.

"इथे बसा आणि माझ्याकडे बघा," मी म्हटलं.

"काय केलं मी?"

"काही नाही. नुसतं बघा."

ते बसले. मी मनात आकडे मोजायला लागले. सातपर्यंत गेले आणि यांना हसू फुटलं. "लग्नात सगळा वेळ खाली बघत होतीस. नवरा काळा की गोरा ते तुला चौथ्या दिवशी कळलं. आता वीस वर्षांनी काय बघायला बसलीस?" मग मलाही हसू आलं, आणि तो सगळा प्रयत्न चहावर संपला. पण एक गोष्ट मला त्या सात आकड्यांत दिसली होती. यांचा उजवा डोळा डाव्यापेक्षा लहान आहे. वीस वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळी ती मुलगी अचानक आली. "उद्या जमणार नाही, ऑफिसला बोलावलंय. आज नुसती बसले तर चालेल? त्रास देणार नाही." माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर ती बसली आणि मोबाइल काढला. मी कोरं डोकं हातात घेतलं. पेन्सिलीने डोळ्याची जागा आखायची होती. कुठे आखायची ते येईना. आणि मग मला कळलं की ज्या डोळ्यांकडे बघायचं ते माझ्यासमोर हातभर अंतरावर आहेत, फक्त मी मान वर करायला हवी.

"मोबाइल ठेवा," मी म्हणाले. "माझ्याकडे बघा."

तिने ठेवला. तिने बघितलं. मीही बघितलं.

पहिली काही मिनिटं कानशिलं तापली होती. मग हाताला काम मिळालं आणि लाज मागे राहिली. ती सरळ बघायची, पण टक लावून नाही. तिचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा खाली होता. खालच्या पापणीखाली स्क्रीनमुळे आलेली बारीक सुरकुती. बुबुळ वरच्या पापणीला टेकलेलं होतं, खालच्या पापणीपाशी पांढरं दिसायचं. मी आजवर बरोबर उलटं करत आले होते. मी एक डोळा दुसऱ्यापेक्षा केसभर खाली घेतला. बाई मागून जाताना थबकल्या. "सारखे नाहीत ते," असं म्हणाल्या. मी मान हलवली, नाहीत म्हणून. आमच्या कामात डोळे सारखे न होणं ही चूक असते.

शेवटी टिपका राहिला. ब्रशच्या टोकावर पांढरा रंग घेतला आणि मी थांबले.

"ही कुठे बसणार?" मी विचारलं.

"माझ्या टेबलावर. कॉम्प्युटरशेजारी पुस्तकं आहेत, त्यांच्यावर. माझ्या डोळ्यांच्या उंचीला येते."

"खिडकी कुठे?"

"खिडकी? माझ्या डाव्या हाताला. का?"

मी तिच्यासमोर बाहुली बसलेली मनात आणली. म्हणजे बाहुलीच्या उजव्या हाताला. नवरीला आम्ही टिपका बरोबर मध्ये घालतो, कारण ती कुठल्या कार्यालयात, कुठल्या दिव्याखाली मांडतील ते माहीत नसतं. हिची खिडकी मला माहीत होती. मी टिपके खिडकीच्या बाजूला घातले, आधी एक, मग श्वास सोडून दुसरा.

रंग आणि वरचं वार्निश वाळेपर्यंत बाईंनी चहा केला. मग मुलीने डोकं बसवलं. चुंबकाचा बारीकसा आवाज झाला. तिने बाहुली टेबलावर ठेवली, स्वतःच्या डाव्या हाताला आमची खिडकी येईल अशी बसली आणि बघत राहिली. बाहुलीही बघत होती. मला दोघींच्या मध्ये बसल्यासारखं अवघडलं, म्हणून मी उठून ब्रश धुवायला गेले.

परत आले तेव्हा ती कंपनीचं डोकं कागदात गुंडाळत होती.

"काकू, हे ग्रुपमध्ये नाही देत. तुम्ही ठेवा."

मी मान हलवून नको म्हणत होते. तिने ते माझ्या हातात देऊन मूठ मिटली. बाहुलीला ओढणीत गुंडाळून, फक्त चेहरा उघडा ठेवून, तिने पिशवीत घातलं. स्कूटरवर बसताना पिशवी पुढे ठेवून आत एकदा बघितलं, ते मला दारातून दिसलं.

"बसवलं का तिने?" बाई मागच्या खोलीतून विचारत होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"बसवलं," मी म्हणाले.

सोमवारी मी कामाला गेले तर पेल्यात फक्त ब्रश होते. कात्री खिळ्याला टांगली होती. माझ्या खुर्चीवर एक उशी होती, बाईंच्या जुन्या इरकली लुगड्याची, घरी शिवलेली. पुढच्या खोलीत त्यांनी स्वतःच्या अक्षरात पुठ्ठ्याची पाटी लावली होती:

'बाहुल्यांचे चेहरे रंगवून मिळतील. घाई असल्यास तयार चेहरा घ्यावा, तोही बरा असतो. रंगवणाऱ्या बाई बोलत नाहीत, त्यांना राग आलेला नसतो.'

पोतं अजून येतं. तिरळे सनईवालेही अजून होतात, त्यांची मला सवय झाली आहे. पुष्कळ लोक तयारच घेतात. एकसारख्या बारा बाहुल्या मांडायच्या असतील तर मीही तेच घ्या म्हणेन, विचारलं तर. पण अधूनमधून कुणीतरी नवरीचा फोटो घेऊन येतं, आमची मुलगी अशी दिसते, तशी करा म्हणतं. मुलगीच बरोबर आलेली असली तर फार बरं पडतं. त्या नवऱ्या आता सगळ्या अंगठ्याकडे बघत नाहीत. एका आजीने परवा त्यावरून नाक मुरडलं, पण तिच्या नातीने तीच निवडली. वाघोलीच्या मुलीने तिच्या ग्रुपमध्ये फोटो दाखवला असावा, कारण परगावाहूनही दोनदा कोरी डोकी पोस्टाने आली. त्यांच्याबरोबर मी चिठ्ठी पाठवायला लावते, बाहुली कुठे ठेवणार आणि खिडकी कोणत्या हाताला आहे ते कळवावे.

कंपनीचं डोकं माझ्या टेबलावर उलट्या वाटीवर बसवलेलं आहे. ते माझ्या खांद्यावरून मागे बघतं. सकाळी रंग कालवायच्या आधी मी भिंगातून त्या डाव्या भुवईतला लांब केस एकदा बघून घेते. त्या बाईची मान आज बरी असावी, असं मनात येतं.

काल एक मुलगी आली होती, लग्न दोन महिन्यांवर. ती स्टुलावर बसली आणि माझ्यासारखीच खाली बघायला लागली. बाई पुढे फोनवर बोलत होत्या. मला वाटलं, आता हिला कोण सांगणार. मग मीच म्हणाले, "जरा इकडे बघ गं, माझ्याकडे. चावत नाही मी."